भोंग्याची कळ

मोटारगाडीचा इतिहास लिहिणारे इंजिनाविषयी, वेगाविषयी आणि कारखानदारांविषयी भरभरून लिहितात. परंतु स्टिअरिंगच्या मध्यभागी बसविलेल्या भोंग्याच्या कळीची दखल सहसा कोणी घेत नाही. वस्तुतः चालकाचा हात दिवसातून असंख्य वेळा जिच्यावर पडतो अशी ही वस्तू आहे, आणि जुन्या गाडीत सैल होणाऱ्या भागांत तिचा क्रम बराच वरचा लागतो. म्हणून एवढ्याशा कळीच्या निमित्ताने थोडे मागे वळून पाहणे अप्रस्तुत ठरू नये.

आरंभीच्या मोटारींना रबरी फुग्याचा पितळी भोंगा असे. तो वाजवावयाचा तर एक हात चक्रावरून काढून फुगा दाबावा लागे. म्हणजे सावधगिरीचा इशारा देताना चालक स्वतःच अर्धवट असावध होई. मिलर रीस हचिसन ह्या अमेरिकन संशोधकाने दातेरी चाकाच्या घर्षणाने धातूच्या पडद्यास कंप देणारा भोंगा योजला व १९०८ पासून तो ‘क्लॅक्सन’ ह्या नावाने विकला जाऊ लागला. किंकाळी फोडणे ह्या अर्थाच्या ग्रीक धातूवरून घेतलेले हे नाव त्याच्या आवाजास साजेसेच होते. पुढे विद्युतचुंबकाने पडदा हलविणारे सुटसुटीत भोंगे आले. आवाज विजेच्या स्वाधीन झाल्यावर कळ कोठेही ठेवता येऊ लागली, आणि ती हळूहळू स्टिअरिंगच्या मध्यावर स्थिरावली.

आपल्या देशात ही कळ दोन गाड्यांनी घरोघर परिचित केली. बिर्लांच्या हिंदुस्थान मोटर्सची स्थापना १९४२ साली ओखा बंदरी झाली. पुढे कारखाना कलकत्त्याजवळ उत्तरपाडा येथे गेला आणि मॉरिस ऑक्सफर्डच्या धर्तीवरील अॅम्बॅसडर १९५७-५८च्या सुमारास तेथून बाहेर पडू लागली. दुसरीकडे सोलापूरचे वालचंद हिराचंद ह्यांनी १९४४ साली प्रीमिअर ऑटोमोबाइल्स काढली व मुंबईत कुर्ल्याच्या कारखान्यातून फियाट ११०० आली. तिचेच नाव १९७४ साली प्रीमिअर पद्मिनी झाले. एक कारखाना पूर्वेस, दुसरा पश्चिमेस. आणि ह्या दोहोंना जोडणाऱ्या मुंबई-हावडा लोहमार्गावर आपले रायपूर. ग्रेट ईस्टर्न रोडही ह्याच गावाच्या पोटातून जातो. तेव्हा कुर्ल्याची फियाट व उत्तरपाड्याची अॅम्बॅसडर ह्या दोघींची गाठ पडावयास रायपूरइतके योग्य ठिकाण दुसरे नसेल.

नागपूरच्या राजधानीशी रायपूरचा संबंध १ नोव्हेंबर १९५६ रोजी सुटला व येथील कागदपत्रे भोपाळकडे जाऊ लागली. पांढरी अॅम्बॅसडर अवतरली ती ह्यानंतर वर्षा-दोन वर्षांतच. महाराष्ट्राबाहेर बदलून गेलेल्या आपल्या पिढ्यान् पिढ्यांच्या अधिकाऱ्यांनी दौऱ्याचे मुलूख पाहिले ते बहुधा ह्याच गाडीच्या खिडकीतून.

आता प्रत्यक्ष कळीकडे वळू. बहुतेक जुन्या गाड्यांत बॅटरीची वीज आधी भोंग्यापर्यंत जाते आणि तेथून एक तार स्टिअरिंगच्या नळीतून वर कळीपाशी येते. कळ दाबली की ती तार गाडीच्या लोखंडाला, म्हणजे ‘अर्थ’ला, टेकते व मंडल पूर्ण होते. कळीचे काम एवढेच: परतीची वाट उघडणे. म्हणूनच ती सैल झाली की दोन परस्परविरुद्ध दोष उद्भवतात. कळ तिरपी होऊन मधल्या धातूला आपोआप टेकू लागली, तर गाडी वळविताच भोंगा नको तेव्हा ओरडतो. स्प्रिंग बसली किंवा टेकण्याच्या जागी गंज चढला, तर कितीही दाबले तरी तो मौन सोडीत नाही.

दुरुस्ती साधी, पण क्रमाने करावयाची आहे. प्रथम बॅटरीची तार सोडावी. कळ कशी धरली आहे ते पाहावे. काही गाड्यांत ती मागून बारीक स्क्रूंनी आवळलेली असते, काहींत दाबून बसविलेली. अंदाजाने पेचकस घालून उचकटल्यास कडा तुटते, आणि तशी कळ पुन्हा मिळणे दुरापास्त. मग स्प्रिंग पाहावी, टेकण्याची जागा बारीक पॉलिश पेपरने घासावी आणि वीज अडविणारा वायसर झिजला असल्यास बदलावा. चक्र आवळणारा नटही बहुधा येथेच दडलेला असतो. तो घट्ट आहे ना, एवढी खात्री हात लागलाच आहे तर करून घ्यावी. शेवटी कळ मध्यावर बसवून स्क्रू सारखे आवळावे.

ह्यास खर्च थोडा, वेळ मात्र लागतो. त्यामुळे व्यवहारात दुसराच मार्ग पुष्कळदा पत्करला जातो: मूळची तार तोडावयाची आणि डॅशबोर्डखाली एक नवे बटण ठोकून द्यावयाचे. भोंगा वाजतो; पण चालकाचा हात पुन्हा चक्रावरून निघतो. रबरी फुग्यापासून चक्राच्या मध्यापर्यंत येण्यास जो काळ लागला, तो अशा रीतीने एका दुपारी पुसला जातो.

हा प्रश्न केवळ हौसेचा नव्हे. २०२१च्या केंद्रीय नियमांनी पन्नास वर्षांहून जुन्या व मूळ स्वरूपात राखलेल्या खाजगी गाड्यांना ‘व्हिंटेज’ म्हणून वेगळी नोंदणी दिली. ह्याउलट १ एप्रिल २०२३ पासून पंधरा वर्षे पूर्ण केलेल्या सरकारी गाड्यांची नोंदणी संपुष्टात येते. धूर व अपघात ह्यांचा विचार करता हा नियम अनाठायी म्हणता येणार नाही. परंतु दोन्ही नियम शेजारी ठेवले की एक गोष्ट उघड होते. अॅम्बॅसडरचे उत्पादन २०१४ साली थांबले. म्हणजे सर्वांत अखेरची सरकारी अॅम्बॅसडरसुद्धा २०२९च्या पुढे सेवेत राहू शकत नाही. जी गाडी सरकारचे प्रतीक म्हणून ओळखली गेली, ती सरकारच्या हाती पन्नाशी कधीच गाठणार नाही. ती टिकली तर खाजगी मालकांच्या अंगणातच टिकेल. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या पद्मिनीचेही तसेच झाले. वीस वर्षांची मर्यादा भरताच ऑक्टोबर २०२३ अखेर ती रस्त्यावरून गेली.

शिवाय कायदा ‘मूळ स्वरूप’ म्हणतो तेव्हा तो सांगाडा, बांधणी व इंजिन ह्यांकडे पाहतो. कळीची चौकशी तो करीत नाही, आणि करूही नये. ती जबाबदारी मालकाची आणि त्याहूनही अधिक मिस्त्रीची. नळीतली तार कोठून कोठे जाते हे जाणणारे हात आहेत तोवर जुनी गाडी ही गाडी राहील. ते हात गेले की ती केवळ चकचकीत पत्रा उरेल. ज्यांच्या दारी अशी एखादी गाडी अद्याप उभी आहे, त्यांनी कळ सैल झाल्यास नवे बटण ठोकण्यापूर्वी एखाद्या जाणत्या मिस्त्रीस बोलवावे, आणि तो काम करीत असता घरातील मुलास त्याच्याजवळ उभे करावे.