लिनक्सवर गेम सुरळीत चालतो, मग पिंग ९९९ का दिसतो?

गेम कुठेही अडकत नाही, पण सर्व्हरच्या यादीत पिंग कधी ० तर कधी थेट ९९९ किंवा ९९९९ दिसतो. लिनक्सवर वाइन किंवा प्रोटॉनच्या मदतीने विंडोजचे गेम खेळणाऱ्यांना हा प्रकार नवा नाही. राग बहुतेक वेळा इंटरनेट कंपनीवर निघतो, काही जण तर नवा राउटरही घेऊन येतात. दोष मात्र अनेकदा कॉम्प्युटरमधल्या एका परवानगीचा असतो.

हा आकडा फक्त दिसण्यापुरता असता तर प्रश्न नव्हता. पण काही गेम त्यावरूनच जवळचा सर्व्हर निवडतात, काही जास्त पिंगवाले सर्व्हर यादीतून गाळतात. आकडा चुकला की मुंबईतला सर्व्हर असूनही खेळाडू परदेशातल्या सर्व्हरवर जाऊ शकतो.

आकडा खोटा आहे का, हे ओळखायला थोडा भूगोल पुरतो. फायबरमधून प्रकाश सेकंदाला साधारण २ लाख किलोमीटर जातो. मुंबई ते सिंगापूर सरळ अंतर सुमारे ३,९०० किलोमीटर. म्हणजे जाऊन-येऊन किमान ३९ मिलिसेकंद हवेतच, प्रत्यक्षात त्याहून जास्त लागतात. सिंगापूरच्या सर्व्हरचा पिंग ५ दिसत असेल, तर तो खोटाच.

पिंग मोजण्याच्या पद्धती दोन. बरेच गेम आपल्याच यूडीपी पॅकेटवरून वेळ मोजतात; तिथे सहसा अडचण येत नाही. काही गेम मात्र विंडोजच्या आयसीएमपी सेवेकडे ‘पिंग करून सांग’ अशी मागणी करतात. वाइन ती मागणी लिनक्सकडे पोचवते आणि तिथे घोडे अडते. लिनक्समध्ये असे पॅकेट थेट पाठवण्याचा अधिकार परंपरेने रूटकडे होता. २०११ मध्ये आलेल्या कर्नल ३.० पासून साध्या युजरलाही पिंग करण्याची सोय झाली; पण ‘पिंग ग्रुप रेंज’ ही सेटिंग कर्नलमध्ये मुळात ‘१ ०’ असते, म्हणजे कोणालाच परवानगी नाही. पुढे सिस्टमडीने ती सर्वांसाठी खुली केली, तरी सगळ्याच डिस्ट्रोंनी हा बदल घेतला असे नाही.

सिस-सी-टी-एल आदेशाने ही सेटिंग पाहता येते. उत्तर ‘१ ०’ आले, तर रोग सापडला. ती ‘० २१४७४८३६४७’ अशी बदलून गेम पुन्हा सुरू करावा. बदल कायमचा हवा असेल, तर तो सिस-सी-टी-एलच्या कॉन्फिग फोल्डरमधल्या फाइलमध्ये लिहावा लागतो. खात्रीसाठी स्टीमच्या लाँच ऑप्शन्समधून प्रोटॉनचा लॉग सुरू करावा. आयसीएमपी वापरता आले नाही, विशेष परवानगी लागते, अशी ओळ दिसली की शंका उरत नाही.

वाइनच्या फाइलला ‘सेटकॅप’ने जादा अधिकार द्यायचा जुना सल्ला अजूनही फिरतो. प्रोटॉनसाठी तो टाळलेला बरा. असा अधिकार मिळालेल्या प्रोग्रामसाठी लिनक्स लायब्ररीचे बदललेले मार्ग मानत नाही, त्यामुळे गेम सुरूच न होण्याची शक्यता असते. गेम रूट म्हणून चालवणे तर नकोच. एका आकड्यासाठी अख्खी सिस्टम अनोळखी प्रोग्रामच्या हाती द्यायची कशाला?

टर्मिनलमधून सर्व्हरला पिंग केल्यावर उत्तरच येत नसेल, तरी घाबरू नये. अनेक सर्व्हरचे फायरवॉल आयसीएमपी अडवतात आणि गेमचे पॅकेट सोडतात. अशा वेळी वरची सेटिंग बदलूनही फरक पडणार नाही.

पिंग खोटा नसून खरोखरच २० वरून २०० वर उड्या मारत असेल, तर प्रकरण वेगळे. अशा वेळी आधी घरातल्या राउटरलाच पिंग करून पाहावे. तिथेही उड्या दिसल्या, तर लॅपटॉपच्या वाय-फायची वीजबचत हे एक नेहमीचे कारण असते. नेटवर्क मॅनेजरमध्ये वाय-फाय पॉवरसेव्हची किंमत २ केली की ती बंद होते. बॅटरी थोडी लवकर उतरेल, एवढेच. लॅनची केबल हाताशी असेल, तर यातले काहीच करावे लागत नाही.