वचनाच्या सहवासात मन आणि भावना

पुणे-नगर महामार्गावरील वाघोली हे गाव २०२१ साली पुणे महानगरपालिकेत समाविष्ट झाले. जेथे पूर्वी शेते होती तेथे आता उंच इमारती उभ्या आहेत, आणि त्यांत नोकरीनिमित्त दूरदूरच्या गावांहून आलेली कुटुंबे राहतात. सायंकाळच्या वाहनकोंडीतून घरी पोहोचलेल्या माणसाचा संताप बहुधा रस्त्यावर निघत नाही. तो घरात, मुलाच्या गृहपाठाच्या वहीवर किंवा पत्नीच्या एखाद्या साध्या प्रश्नावर निघतो. रविवारी मिस्साबलिदानात ज्याने भक्तिभावाने प्रभूचे वचन ऐकले, तोच हा माणूस असतो. ऐकलेले वचन आणि आलेला राग ह्यांची गाठ कोठे पडते, ह्याचा विचार आम्ही येथे करीत आहोत.

संत पौलाने रोमकरांस लिहिलेल्या पत्रात (१२:२) मनाच्या नवीकरणाने स्वतःचे रूपांतर होऊ द्यावे, असा बोध केला आहे. मूळ ग्रीक भाषेत त्याने येथे जे क्रियापद योजिले आहे, तेच संत मार्क व संत मत्तय ह्यांनी डोंगरावरील प्रभूच्या रूपांतराच्या प्रसंगी वापरले आहे. शिवाय ते चालू क्रियेचे द्योतक आहे. एका दिवसात उरकण्याचे हे काम नव्हे, असेच जणू प्रेषित सुचवितो. फिलिप्पैकरांस पत्राच्या चौथ्या अध्यायात चिंतेविषयी लिहिताना तर तो स्वतः बंदिवासात होता. चिंता प्रार्थनेत देवापुढे मांडावी आणि जे सत्य, न्याय्य व शुद्ध आहे त्यावर मन लावावे, हा त्याचा उपदेश निश्चिंत माणसाचा नाही.

मनात येणाऱ्या विचारांना शास्त्रवचनाने उत्तर द्यावे, ही रीत प्रभू येशूने अरण्यातील परीक्षेच्या वेळी स्वतः आचरली. चौथ्या शतकात इजिप्तच्या वाळवंटात राहिलेल्या इव्हाग्रियस ह्या साधकाने तिलाच शास्त्रशुद्ध रूप दिले. खादाडपणा, वासना, लोभ, खिन्नता, क्रोध, आळस, पोकळ कीर्ती आणि गर्व अशा आठ प्रकारच्या विचारांसाठी त्याने सुमारे पाचशे शास्त्रवचने एका ग्रंथात संकलित केली. विचार येणे आपल्या हाती नसले, तरी त्याला मनात किती काळ बसू द्यावे हे बऱ्याच अंशी आपल्या हाती असते, ही त्याची सूक्ष्म दृष्टी आजही उपयोगी पडते. बाराव्या शतकात दुसरे गीगो ह्या कार्थुसी मठाधिपतींनी वाचन, मनन, प्रार्थना आणि ध्यान अशा चार पायऱ्यांची शिडी वर्णिली. लेक्सिओ दिव्हिना ह्या नावाने ती आज सर्वपरिचित आहे. परमगुरू सोळावे बेनेडिक्ट ह्यांनी २०१०च्या आपल्या प्रबोधनपत्रात ह्या साधनेची परिणती कृतीत व्हावी, ह्याचे स्मरण करून दिले.

भावना ओळखण्याची विद्या मात्र आम्हांस सर्वांत स्पष्टपणे संत इग्नाती लोयोला ह्यांच्याकडून मिळाली. १५२१ साली पाम्पलोना येथे पाय जायबंदी होऊन ते अंथरुणास खिळले. शौर्याच्या स्वप्नांत रमल्यावर मन नंतर कोरडे पडते आणि ख्रिस्ताच्या व संतांच्या चरित्राचा विचार केल्यावर शांती टिकून राहते, हा फरक त्यांच्या ध्यानी आला. दिवसाच्या अखेरीस मन तपासण्याची त्यांची पद्धत त्यांच्या येशूसंघाने जगभर नेली.

ह्याच परंपरेतील फादर अँथनी डिमेलो ह्यांनी १९७०च्या दशकाच्या आरंभी पुण्यात साधना ही संस्था सुरू केली. पुढे ती लोणावळ्यास गेली. त्यांच्या १९७८च्या ‘साधना’ ह्या पुस्तकात शुभवर्तमानातील प्रसंगात कल्पनेने स्वतः उपस्थित राहण्याचे सराव आहेत. त्यांच्या लेखनातील काही मतांविषयी रोमच्या श्रद्धासिद्धांत मंडळाने १९९८ साली इशारा दिला, हे वाचकांनी लक्षात ठेवावे. मात्र त्यांचे आरंभीचे लेखन ख्रिस्ती अध्यात्माच्या चौकटीत राहिले, असेही त्याच सूचनेत नमूद आहे.

घरी हे कसे करावे? आमच्या मते थोडे वाचावे. मार्कच्या शुभवर्तमानातील वादळाचा प्रसंग (४:३५-४१) दहा मिनिटांत वाचून होतो. शिष्यांची भीती ही आपलीच भीती आहे असे मानून ती प्रभूला मोकळेपणाने सांगावी. त्यांनी तर त्याला जवळजवळ दोषच दिला होता. स्तोत्रसंहितेतील बेचाळिसाव्या व त्रेचाळिसाव्या स्तोत्रांत भक्त आपल्याच जिवाला तीनदा प्रश्न विचारतो, धीर देतो. अठ्ठ्याऐंशीवे स्तोत्र तर अंधारातच संपते. पवित्र शास्त्र दुःखाला दडपून टाकत नाही. त्याला देवासमोर बोलू देते. म्हणून एखादे वचन घोकून अश्रू आवरण्याचा आग्रह आम्हांस पटत नाही. मराठीतून ओघवते वाचन हवे असणाऱ्यांना फादर फ्रान्सिस दिब्रिटो ह्यांचे ‘सुबोध बायबल’ उपलब्ध आहे.

ह्याच नगर रस्त्याने पुढे गेल्यास ज्या शहराशी रेव्हरंड नारायण वामन टिळक ह्यांचे नाव जोडले आहे, ते अहिल्यानगर लागते. आगगाडीतील एका सहप्रवाशाने दिलेला नवा करार टिळकांनी वाचला आणि डोंगरावरील प्रवचनाने त्यांचे मन जिंकले. १८९५ साली त्यांचा बाप्तिस्मा झाला. टिळक दांपत्य प्रॉटेस्टंट मंडळीचे होते, तथापि ‘स्मृतिचित्रे’मध्ये लक्ष्मीबाईंनी आपल्या मनाचा जो प्रामाणिक वृत्तांत दिला आहे, तो कोणाही ख्रिस्ती माणसाने वाचावा असा आहे. पतीच्या धर्मांतरानंतरही त्या सोवळे पाळीत राहिल्या. जातिभेद देवाने नव्हे, माणसाने निर्माण केला, हे एके दिवशी मनाला पटले आणि विटाळाची भावना गळून पडली. १९०० साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. मधली पाच वर्षे कोणी घाई केली असती, तर काय झाले असते, कोण जाणे!

एक गोष्ट स्पष्ट सांगणे आमचे कर्तव्य आहे. आठवडेच्या आठवडे झोप उडाली असेल, जगणे नकोसे वाटत असेल, तर वैद्यांकडे जाण्यात श्रद्धेची उणीव नाही. आपल्या धर्मगुरूंनाही ते सांगावे. तसेच घरात मारहाण सोसणाऱ्या भगिनीला केवळ क्षमेची वचने ऐकविणे हा शास्त्राचा गैरवापर आहे. तिला आधी सुरक्षित जागा हवी. इफिसकरांस पत्रात (४:२६) क्रोधाला पूर्ण मज्जाव केलेला नाही. त्याने पापाकडे नेऊ नये आणि सूर्यास्तापलीकडे तो बाळगू नये, एवढेच तेथे सांगितले आहे.