वऱ्हाड परत आलं, पुढे काय?

वाशीच्या विष्णुदास भावे नाट्यगृहासमोरून कितीदा गेलोय, पण एक गोष्ट परवाच लक्षात आली. ज्या भाव्यांचं नाव त्याला दिलंय, त्यांनी १८४३ साली सांगलीत केलेलं पहिलं नाटक 'सीतास्वयंवर'. म्हणजे आपली रंगभूमी सुरू झाली तीच लग्नापासून!

लग्न परमुलखातलं असलं तर अजूनच रंगतं. लक्ष्मण देशपांडेंचं 'वऱ्हाड निघालंय लंडनला' आठवा. माणूस एकटा, पात्रं ५२. मी ते आधी कॅसेटवर ऐकलं आणि पोट धरून हसलो. पण वऱ्हाड म्हटलं की ते परत येणार. परक्या घरात जे मागे राहतात त्यांचं काय होतं, हे सांगणारा एकपात्री प्रयोग मला अजून बघायचाय.

त्यासाठी गोष्ट रचायची गरज नाही. पंडिता रमाबाई आहेत ना. आईवडील, बहीण दुष्काळाच्या दिवसांत गेले. १८८० मध्ये भाऊ श्रीनिवासही गेला. त्याच वर्षी त्यांनी बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी लग्न केलं. जात वेगळी, प्रांत वेगळा, संसार आसामात सिल्चरला. लग्न १८७२ च्या कायद्याखाली. त्यात दोघांना लिहून द्यावं लागे की आम्ही हिंदू, मुसलमान, ख्रिस्ती वगैरे कुठल्याच धर्माचे नाही. लग्नासाठी आधी धर्म नाकारायचा! १८८१ मध्ये मनोरमा जन्मली. १८८२ च्या फेब्रुवारीत बिपिनबाबू पटकीने गेले. वय चोविसाच्या आत, कडेवर पोर. त्याच वर्षी त्या पुण्याला आल्या आणि आर्य महिला समाज काढला. हे शेवटचं वाक्य पाठ्यपुस्तकात असतं. सिल्चरच्या त्या घरातले दिवस नसतात.

आता म्हणाल, जुनी गोष्ट. १८७२ च्या कायद्यात लग्नाआधी १४ दिवसांची नोटीस होती. १९५४ चा विशेष विवाह कायदा आला, धर्म नाकारायची अट गेली, पण नोटीस झाली ३० दिवसांची! आणि ती कार्यालयात सगळ्यांना दिसेल अशी लावतात. आपल्या नवी मुंबईत एकेका मजल्यावर चार भाषा बोलतात, तरी असं लग्न ठरवणारी पोरं त्या फळ्याला घाबरतात. घरच्यांना कळेल म्हणून.

प्रयोग कुणी करणार असेल तर मागच्या पडद्यावर आधी तीच नोटीस दिसू द्या. समोर रमाबाई, एकट्या. बाकीचे आवाज त्याच काढतील.