खांबाखालचं हिरवं सोयाबीन



मागच्या हंगामात धुऱ्याजवळच्या सोयाबीनचा फोटो टाकला होता. बाकीचं वावर पिवळं पडून पानं गळालेली, अन् रस्त्याच्या खांबाजवळचा पट्टा मात्र हिरवागार. बऱ्याच जणांनी विचारलं, युरिया जास्त पडला का, बियाणं भेसळीचं होतं का? दोन्ही नाही. तो दिव्याचा प्रताप आहे. अन् तो दिवा गावात यावा म्हणून ग्रामसभेत हात वर करणाऱ्यांत मी पण होतो.

हे कोडं शंभर वर्षांआधीच सुटलंय. अमेरिकेत वॉशिंग्टनजवळच्या सरकारी फार्मवर गार्नर आणि अलार्ड हे दोघं काम करत होते. त्यांनी एकच सोयाबीन पंधरा-पंधरा दिवसांच्या फरकानं पेरलं, तरी फुलं जवळपास एकाच वेळी आली. मग कुंड्यातली झाडं दुपारी चारला अंधाऱ्या खोलीत न्यायची, सकाळी बाहेर काढायची, असं रोज केलं. ती झाडं लवकर फुलली. १९२० साली त्यांनी हे छापलं. पुढच्या संशोधनात कळलं की पीक दिवसापेक्षा रात्र मोजतं. मधेच उजेड पडला की त्याचं मोजमाप चुकतं. शेवंतीवाले, ड्रॅगनफ्रूटवाले हेच ज्ञान वापरून मुद्दाम बल्ब लावतात. माझ्याकडे ते फुकटात, उलटं झालं. हिरव्या शेंगा मळणीत आल्या, ढिगात ओल गेली, अन् व्यापाऱ्यानं पूर्ण मालाचा भाव पाडला.

पण दिव्यांवर नियम आले ते शेतकऱ्यामुळं नाही, दुर्बिणीमुळं. ॲरिझोनात फ्लॅगस्टाफ नावाचं गाव आहे. तिथं १८९४ पासून लॉवेल वेधशाळा. १९३० मध्ये प्लूटो तिथूनच सापडला. पुढं जाहिरातीसाठी आभाळात फिरणारे सर्चलाइट आले. १९५८ मध्ये गावानं त्यावर बंदी घातली. बाहेरच्या दिव्यांवरचा हा जगातला पहिला नियम समजतात. १९८९ मध्ये तर त्यांनी एकरी किती उजेड लावायचा याचीच मर्यादा ठरवली. आपण एकरी खत मोजतो तसं! २००१ मध्ये त्याला पहिलं 'डार्क स्काय' शहर म्हणून मान मिळाला. गाव काही अंधारात गेलं नाही. दुकानं आहेत, रस्त्यावर दिवे आहेत.

इतकं लांब कशाला, आपलं पेंच घ्या. जानेवारी २०२४ मध्ये नागपूर जिल्ह्यातल्या पेंच व्याघ्र प्रकल्पाला भारतातलं पहिलं 'डार्क स्काय पार्क' जाहीर केलं. त्यासाठी वाघोली (पुण्याजवळचं नव्हे), सिल्लारी, पिपरिया, खापा या गावांतले शंभरावर दिवे बदलले. काढले नाहीत, खाली तोंड करणारे बसवले. जंगलाला लागून गावं, वाघ-बिबट्याची भीती आपल्यापेक्षा जास्त. त्यांना दिवा नको कसा होईल? पायाखाली उजेड पाहिजे, आभाळात नको, एवढंच.

हे मला आमच्या ग्रामसभेत नीट सांगता आलं नाही. मी 'दिवा बंद करा' म्हणालो अन् तिथंच हरलो. एक वहिनी उठल्या, "भाऊजी, पोरी शेवटच्या बसनं येतात. तुमच्या चार ओळींसाठी त्यांनी अंधारात यायचं का?" दुसरा म्हणाला, साप निघतात, मोटारी चोरीला जातात. खोटं काहीच नव्हतं. मी गप्प बसलो.

नंतर रात्री खांबाखाली जाऊन उभा राहिलो. दिवा आडवा बसवलाय. रस्त्यावर उजेड थोडाच, निम्मा माझ्या वावरात अन् बाकी वर. म्हणजे वहिनींच्या पोरींना पण पूर्ण उजेड मिळत नाही. भांडण आमचं नव्हतंच, दिव्याच्या तोंडाचं होतं.

गावातल्या वेल्डिंगवाल्याकडून पत्र्याची टोपी करून घेतली, वावराकडची बाजू झाकेल अशी. खांबावर चढायची परवानगी अजून यायची आहे, टोपी गोठ्यात पडून आहे. पुढच्या ग्रामसभेला ती सोबत नेणार, अन् बोलायच्या आधी वहिनींच्या घरी जाऊन दाखवणार. यंदा तोवर खांबाजवळ तूर टाकावी का ज्वारी, हा विचार चालू होता. पण त्या पण रात्र मोजणाऱ्याच. कोणी खांबाखाली भुईमूग घेतला असेल तर अनुभव कळवा.