झाडावरचा गूळ

गेल्या दिवाळीला माझी भाची टोरांटोहून नागपूरला आली. महालातल्या आमच्या स्वयंपाकघरात काचेची एक बाटली पुढे करून म्हणाली, "मामा, यंदा अनारसे याचे करा. पांढऱ्या साखरेपेक्षा हे चांगलं." बाटलीत मेपलचा पाक होता. थंडी सरता सरता त्या झाडाच्या खोडाला भोक पाडून रस धरतात. सुमारे चाळीस लिटर रस आटवावा तेव्हा लिटरभर पाक उतरतो. गोऱ्या वसाहतवाल्यांना ही विद्या तिथल्या मूळ रहिवाशांनीच शिकवली.

मला वडिलांनी सांगितलेली एक दिवाळी आठवली.

डिसेंबर १९३४ मध्ये वर्ध्याला अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ निघाला. जमनालाल बजाजांनी दिलेल्या बागेची मगनवाडी झाली. चिटणीस झाले कुमारप्पा. गिरणीच्या साखरेपेक्षा गुळाचा पुरस्कार गांधीजी करीतच. पण उसाला चांगली जमीन हवी, पाणी हवे. शिंदी मात्र पडीक रानात आपसूक वाढते. रात्री चुना लावलेल्या मडक्यात रस धरायचा आणि उजाडताच चुलीवर चढवायचा. उशीर झाला की नीरेची दारू झालीच! गजानन नाईकांनी या ताडगुळाच्या कामाला वाहून घेतले. दारूबंदीने ज्याची भाकरी जायची, त्याला त्याच झाडावरून ती परत मिळावी, हे त्यातले मर्म होते.

वडिलांनी तो काळसर गूळ वर्ध्याहून घरी आणला. आजी कडाडली, "शिंदीच्या झाडाचा गूळ देवापुढे ठेवू?" गूळ ओसरीवरच राहिला. आणि आज परदेशी झाडाचा पाक थेट देवघरापर्यंत आला होता!

आमच्या डॉक्टरांना विचारले. ते म्हणाले, "मेपल काय, ताडगूळ काय, क्षार थोडे अधिक असतील, पण शेवटी साखरच. मधुमेह्याने जपूनच खावं."

मग आरोग्याचा वाद आम्ही मिटवला. पातळ पाकाने अनारशाचे पीठ सैल होते, म्हणून बाटली धिरड्यांसाठी ठेवली आणि अनारशांना ताडगूळ आणला. रंग जरा काळपट आला, पण तुपात एकही अनारसा हसला नाही. पहिला आजीच्या तसबिरीपुढे ठेवला. या वेळी ती काही बोलली नाही.