सही आपलीच होती

लंडनच्या हॅरो भागात आम्ही राहत होतो तेव्हाची एक निळी फाइल माझ्याकडे अजून आहे. २००३ साली स्वयंपाकघर नव्याने करून घेण्यासाठी एका कर्जकंपनीकडून आम्ही आठ हजार पौंड घेतले होते, त्याचे कागद तिच्यात आहेत. पाच वर्षांची मुदत, व्याज साधारण दहा टक्के, तळाला माझी सही. सहीच्या वर एक चौकट आणि तिच्यात आधीच छापलेली फुली. समोर ‘संरक्षण’ अशा अर्थाचा एक शब्द. त्या शब्दापोटी मुद्दलात सोळाशे पौंड वाढवले गेले होते. हे माझ्या लक्षात आले ते नऊ वर्षांनी.

त्या काळात मी दुभाषी म्हणून स्वतंत्र काम करत होतो. नोकरीच नव्हती, त्यामुळे ती जाण्याचा प्रश्न नव्हता. आणि मला विकलेला विमा मुख्यतः नोकरी गेल्यास हप्ते भरण्यासाठी होता. २०१२ मध्ये कोपऱ्यावरच्या गुजराती दुकानदाराने विचारले, “भाई, तुम्ही क्लेम केला की नाही?” घरी येऊन मी फाइल उघडली, कागद वाचला आणि पुन्हा बंद केली. बायकोला म्हणालो, “सही माझीच आहे. आता कुठल्या तोंडाने पैसे मागायचे?” ती म्हणाली, “अहो, सही कुणाची हे कोण विचारतंय? सही करताना तुम्हाला काय सांगितलं होतं, ते विचारतायत.”

पुढे या विषयावर बरेच वाचल्यावर ध्यानात आले, की ब्रिटनमधली न्यायालये आणि नियामक संस्था दहा वर्षे नेमक्या याच दोन वाक्यांवर भांडत होत्या.

*

या विम्याचे नाव पेमेंट प्रोटेक्शन इन्शुरन्स, बोलीत ‘पीपीआय’. कल्पना वाईट नव्हती. कर्जदार आजारी पडला, अपघात झाला, नोकरी गेली किंवा मृत्यू आला, तर विमा कंपनीने काही काळ हप्ते भरायचे. बहुतेक पॉलिसींत हा ‘काही काळ’ म्हणजे वर्षभर. १९७० च्या दशकापासून अशा पॉलिसी विकल्या जात होत्या. खरा सुकाळ १९९० ते २०१० या वीस वर्षांत झाला. ब्रिटनच्या वित्तीय नियामकाच्या अंदाजाप्रमाणे एकूण सहा कोटी चाळीस लाखांपर्यंत पॉलिसी विकल्या गेल्या. त्या देशाची लोकसंख्या साधारण तेवढीच आहे.

खरी मेख ‘एकरकमी प्रीमियम’ या पद्धतीत होती. विम्याचा पूर्ण हप्ता पहिल्याच दिवशी कर्जात मिळवायचा आणि त्यावरही कर्जाचेच व्याज लावायचे. माझे उदाहरण घ्या. आठ हजारांवर दहा टक्क्यांनी महिन्याला सुमारे १७० पौंड झाले असते. सोळाशे मिळवल्यावर ते २०४ झाले. महिन्याचे चौतीस पौंड कुणाच्या डोळ्यांत खुपत नाहीत; साठ महिन्यांत त्यांचे २,०४० होतात. म्हणजे विमा विकत घेण्यासाठीही मी कर्जच काढले होते.

विकणाऱ्याला हे का हवे होते? कर्जाच्या व्याजदरात स्पर्धा तीव्र होती. वर्तमानपत्रात आकडा छापला जाई तो व्याजाचा, आणि गिऱ्हाईक तोच ताडून पाही. विम्याची किंमत मात्र टेबलासमोर बसल्यावर कळे, तीही विचारले तर. तिथे दुसरा विक्रेता नसे. कमी व्याजात गेलेला नफा विम्यातून भरून निघे. विमा कंपनीकडून दाव्यांपोटी परत येणारी रक्कम गोळा केलेल्या प्रीमियमच्या पाचव्या हिश्शाच्या आसपास, पुष्कळदा त्याहूनही कमी असे. मोटारीच्या किंवा घराच्या विम्यात हे प्रमाण कितीतरी पट जास्त असते.

आणि ज्यांना विकले ते कोण? माझ्यासारखे स्वतंत्र व्यावसायिक, निवृत्त झालेले, आधीपासून आजारी असलेले. म्हणजे ज्यांना दावा करताच आला नसता असे लोक. पाठदुखी आणि मानसिक ताण ही माणसाला कामावरून घरी बसवणारी दोन नेहमीची कारणे, पण अनेक पॉलिसींनी ती बारीक अक्षरांत वगळलेली असत. विमा घेतला नाही तर कर्ज नामंजूर होईल, असेही कित्येकांना सुचवले गेले. कित्येकांना तर आपल्याकडे असा विमा आहे हेच ठाऊक नव्हते.

*

याविरुद्ध पहिला मोठा घाव घातला तो ‘सिटिझन्स ॲडव्हाइस’ या संस्थेने. १९३९ साली, युद्ध सुरू होताच, गोंधळलेल्या नागरिकांना रेशनपासून घरभाड्यापर्यंत सल्ला देण्यासाठी ही केंद्रे निघाली आणि पुढे टिकली. कर्जात बुडालेली माणसे तिथे फाइली घेऊन येत आणि त्या फाइलींत हा विमा पुन्हा पुन्हा सापडे. २००२ च्या एका कायद्याने अशा संस्थांना ‘सुपर-कम्प्लेंट’ करण्याचा अधिकार दिला होता. एकट्यादुकट्याची तक्रार न मांडता संपूर्ण बाजारपेठेविरुद्ध ती मांडायची, आणि सरकारी खात्याने नव्वद दिवसांत उत्तर द्यायचे. सप्टेंबर २००५ मध्ये संस्थेने ती केली. सोबतच्या अहवालाचे नाव होते ‘प्रोटेक्शन रॅकेट’. इंग्रजीत ही गुंडांच्या खंडणीवरची कोटी आहे. मराठीत ती करावीच लागत नाही. कर्जाचा तो ‘हप्ता’ आणि दुकानदाराकडून दादा लोक वसूल करतात तोही ‘हप्ता’.

पुढे चक्रे सरकारी गतीने फिरली. प्रकरण २००७ मध्ये स्पर्धा आयोगाकडे गेले. जानेवारी २००९ च्या अहवालात आयोगाने कर्ज देतानाच त्याच बैठकीत विमा विकायला आणि एकरकमी प्रीमियमला बंदी सुचवली. बार्कलेज बँकेने अपील केले, फेरविचार झाला, आणि कर्ज व विमा यांत सात दिवसांचे अंतर ठेवण्याचा नियम लागू व्हायला एप्रिल २०१२ उजाडले. तक्रारीपासून साडेसहा वर्षे.

पण हा झाला पुढचा बंदोबस्त. आधी घेतलेल्या पैशांचे काय? २०१० च्या ऑगस्टमध्ये त्या वेळचा नियामक, फायनान्शियल सर्व्हिसेस ऑथॉरिटी, याने तक्रारी कशा निकालात काढायच्या याचे नियम केले. ते मागच्या विक्रीलाही लागू होते. बँकांची संघटना न्यायालयात गेली. तिचा युक्तिवाद असा, की विक्रीचे तपशीलवार नियम होते, ते आम्ही पाळले. ‘ग्राहकाशी न्यायाने वागा’ यासारख्या मोघम तत्त्वांवरून आता मागे जाऊन भरपाई मागता येणार नाही. २० एप्रिल २०११ रोजी न्यायमूर्ती ऑसली यांनी तो फेटाळला. तत्त्वे हाच पाया आहे आणि नियम त्यावर उभे आहेत. नियम पाळले म्हणून तत्त्वातून सुटका होत नाही, असा निकालाचा आशय. ५ मे रोजी लॉइड्स बँकेने लढाईतून अंग काढून घेत ३.२ अब्ज पौंड बाजूला ठेवले. चारच दिवसांत संघटनेनेही अपील सोडून दिले.

*

इथे मला अडीचशेहून अधिक वर्षांपूर्वीचा एक खटला आठवतो. सुमात्रा बेटावर ईस्ट इंडिया कंपनीचा फोर्ट मार्लबरो नावाचा किल्ला होता. शत्रूने तो घेतल्यास भरपाई मिळावी, असा विमा तिथल्या गव्हर्नरने लंडनमध्ये उतरवला. १७६० मध्ये फ्रेंचांनी किल्ला घेतला. विमा देणारा म्हणाला, किल्ला कच्चा आहे हे तुम्ही लपवलेत. १७६६ च्या निकालात लॉर्ड मॅन्सफील्ड यांनी गव्हर्नरच्या बाजूने कौल दिला आणि विम्यात उभय पक्षांनी परम सद्भावाने वागले पाहिजे, हे तत्त्व मांडले. त्यांनी उदाहरणही दिले: जहाज बंदरात सुखरूप पोचल्याचे ठाऊक असताना त्याच सफरीचा विमा देऊन प्रीमियम घेणारा विमेदारही तितकाच दोषी.

पुढच्या दोन शतकांत या तत्त्वाचा एकच अर्धा भाग वापरात राहिला. विमा घेणाऱ्याने एखादा आजार सांगितला नाही की दावा बाद. विकणाऱ्याने काय सांगितले नाही, हे फारसे कुणी विचारत नव्हते. मला विमा विकणाऱ्या माणसाला माझा व्यवसाय अर्जावरच दिसत होता. माझे जहाज कधीच सफरीला निघणार नाही हे त्याला माहीत होते. तरी त्याने प्रीमियम घेतला.

कमिशनचा प्रश्न त्याहून अवघड ठरला. २०११ मध्ये अपील न्यायालयापुढे एक प्रकरण आले. त्यात प्रीमियमचा ८७ टक्के भाग कर्जकंपनीचे कमिशन होता. न्यायाधीशांना ते खटकले, पण कमिशन सांगा असा नियम नव्हता, म्हणून कर्जदार हरला. मग नोव्हेंबर २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयात ‘प्लेविन विरुद्ध पॅरागॉन’ या खटल्याचा निकाल लागला. कर्ज चौतीस हजार पौंडांचे, एकरकमी प्रीमियम ५,७८० चा. त्यातले १,८७० दलालाने ठेवले, २,२८० कर्जकंपनीने, आणि विमा कंपनीपर्यंत पोचले फक्त १,६३०. म्हणजे ७१.८ टक्के रक्कम वाटेतच मुरली. लॉर्ड सम्प्शन यांनी आधीचा निकाल चुकीचा ठरवला. ग्राहक पतपुरवठ्याच्या १९७४ च्या कायद्यात पुढे घातलेले १४०-अ हे कलम धनको आणि ऋणको यांच्यातले ‘नाते’ अन्याय्य आहे का, असे विचारते. नियम मोडला का, असे विचारत नाही. कमिशन कधी तरी इतके मोठे होते की ते दडवणे हाच अन्याय होतो. त्यानंतर नियामकाने रेघ आखली ती पन्नास टक्क्यांवर: त्याहून वरचे, न सांगितलेले कमिशन परत करायचे.

*

पैसे परत मागण्याची वाट कागदावर सोपी होती. कर्जकंपनीला पत्र लिहायचे, आठ आठवडे वाट पाहायची, नकार आला तर वित्तीय लोकपालाकडे जायचे. तिथे शुल्क नाही, वकील लागत नाही. मान्य झाल्यास प्रीमियम, त्यावर भरलेले व्याज आणि वर आठ टक्के सरळ व्याज मिळे. २०१३-१४ या एका वर्षात लोकपालाकडे या विम्याच्या जवळपास चार लाख तक्रारी आल्या.

प्रत्यक्षात मधे दोन अडथळे होते. पहिला खुद्द बँकांचा. लॉइड्सच्या तक्रार विभागाला ‘आपली विक्रीपद्धत निर्दोषच होती’ असे धरून चालायला शिकवले गेले होते. त्याबद्दल २०१५ मध्ये बँकेला ११.७ कोटी पौंड दंड झाला. त्याच वर्षी क्लाइड्सडेल बँकेला २.०७ कोटींचा दंड झाला, कारण तिथल्या एका गटाने लोकपालाला पाठवायच्या कागदांत फेरफार केले होते.

दुसरा अडथळा मदतीच्या रूपाने आला. दावे मिळवून देणाऱ्या कंपन्यांचे पीक उगवले. जेवायला बसावे तर फोन, झोपावे तर मेसेज. फुकट लिहिता येणाऱ्या पत्रासाठी त्या मिळालेल्या रकमेचा पाव ते तिसरा हिस्सा घेत. वीस टक्के अधिक कर ही मर्यादा आली ती जुलै २०१८ मध्ये, शेवटची तारीख वर्षावर येऊन ठेपल्यावर. मात्र या कंपन्यांच्या भुणभुणीमुळेच लाखो भिडस्त माणसांना आपली फाइल उघडावीशी वाटली, हेही नोंदवले पाहिजे.

माझे पत्र मी स्वतः लिहिले. कंपनीचा नकार सहा ओळींचा होता: आपण स्वेच्छेने सही केलेली आहे. तेच, मी बायकोला म्हटलेले वाक्य. लोकपालाच्या कार्यालयातून एका बाईंचा फोन आला. सहीबद्दल त्यांनी एक अक्षर विचारले नाही. त्या दिवशी काय काम करत होतात, अर्ज कुणी भरला, फुली कुणी मारली, एवढेच विचारले. २०१४ च्या सुरुवातीला कर कापून एकतीसशेहून थोडे अधिक पौंड खात्यात जमा झाले.

दाव्यांची अखेरची तारीख होती २९ ऑगस्ट २०१९. ती ध्यानात राहावी म्हणून नियामकाने अर्नोल्ड श्वार्झनेगरच्या यांत्रिक मुंडक्याला जाहिरातीत ओरडायला लावले. जानेवारी २०११ पासून एकूण ३८ अब्ज पौंडांहून अधिक रक्कम परत गेली. २०१२ च्या लंडन ऑलिम्पिकसाठी ठरलेल्या सरकारी निधीच्या चौपट. तरी ज्यांचे कागद हरवले, ज्यांचा मृत्यू झाला, ज्यांना इंग्रजी पत्र लिहिता आले नाही किंवा जे माझ्यासारखेच लाजले, त्यांची गणती या आकड्यात नाही. तो दुकानदार स्वतः त्यांतलाच निघाला. त्याने जुने कागद दुकान बदलताना टाकून दिले होते.

*

आता पुण्यात राहतो. गेल्या वर्षी भाच्याने घराचे कर्ज घेतले. मंजुरीपत्रात एक ओळ होती: कर्जाचा विमा, एकरकमी प्रीमियम, मुद्दलात समाविष्ट. वाचताना हॅरोच्या स्वयंपाकघराचा वास आला. भाचा म्हणाला, “मामा, बँकवाले म्हणाले घ्यावाच लागतो.” कायद्याने तसे बंधन नाही. घरात एकटा कमावता असेल तर असा विमा जरूर घ्यावा, पण चार ठिकाणी भाव विचारून. पॉलिसी हाती आल्यावर तीस दिवसांत ती परत करता येते. नंतर फसवणूक ध्यानात आली आणि कंपनीने दाद दिली नाही, तर विमा लोकपालाची कार्यालये मुंबईत आहेत, पुण्यात आहेत; तिथेही शुल्क नाही.

मुंबई ग्राहक पंचायत १९७५ पासून काम करते आहे, म्हणजे आपल्याकडे ग्राहक चळवळ नवी नाही. नवे आहे ते बँकेच्या टेबलावर कर्जाबरोबर सरकवले जाणारे हे दुसरे पान. भाच्याला मी निळी फाइल दाखवली. त्याने ती छापील फुली निरखून पाहिली, आपले मंजुरीपत्र उचलले आणि विम्याच्या ओळीखाली पेन्सिलीने रेघ मारली. सही करायला तो दुसऱ्या दिवशी गेला.