नाताळला गरजू मुलांना भेट द्यायचीय? सांताची टोपी घालण्याआधी हे वाचा

डिसेंबर आला की मोबाईलवर एक रील हमखास दिसते. लाल टोपी घातलेला एखादा स्वयंसेवक, समोर रांगेत बसवलेली मुलं, चकचकीत कागदात गुंडाळलेले खोके. रील नेपाळमधली असो, आफ्रिकेतली असो की आपल्या जिल्ह्यातली, खाली कमेंट एकच असते: ‘किती चांगलं काम!’

देणाऱ्याचा हेतू चांगलाच असतो. पण भेट कोणाच्या हातात दिली आणि तिचा फोटो कुठे टाकला, यावर त्या मुलाचं भलं होतं की नुकसान, हे ठरतं. वर्धा जिल्ह्यात पुलगावला लागून असलेल्या नाचणगावचा तरुण परदेशात स्वयंसेवक म्हणून गेला, किंवा सेवाग्राम बघायला आलेला परदेशी पाहुणा इथल्या मुलांना काही द्यायला निघाला, तरी प्रश्न तेच राहतात. ते एकेक करून समजून घेऊ.

फोटो टाकला तर काय बिघडतं?

आपल्याकडे बाल न्याय (मुलांची काळजी व संरक्षण) अधिनियम, २०१५ हा कायदा १५ जानेवारी २०१६ पासून लागू आहे. बालगृहातलं मूल तिथे सहज आलेलं नसतं. जिल्ह्याची बाल कल्याण समिती चौकशी करते आणि तिच्या आदेशाने मूल तिथे ठेवलं जातं. कुणी अत्याचारातून सुटलेलं असतं, कुणी घरातून पळालेलं, कुणाचे आईवडील गेलेले.

म्हणून कलम ७४ सांगतं की अशा मुलाचं नाव, पत्ता, शाळा किंवा ओळख पटेल असा कुठलाही तपशील उघड करायचा नाही आणि फोटोही छापायचा नाही. ही बंदी फक्त वर्तमानपत्रं आणि टीव्हीपुरती नाही. कलमात ‘संपर्काची इतर माध्यमं’ही येतात. उल्लंघनाला सहा महिन्यांपर्यंत कैद, दोन लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, अशी शिक्षा आहे.

शिक्षा बाजूला ठेवा. ज्या माणसापासून मुलाला लपवून ठेवलंय, त्याच्याच मोबाईलवर ती रील पोहोचली तर? आणि दहा वर्षांनी कॉलेजात गेलेल्या त्या मुलाचा ‘बिचारा अनाथ’ म्हणून फिरलेला फोटो मित्रांना सापडला तर?

परदेशात भेट देताना धोका कसला?

पर्यटक येतात, मुलांना बघून हळहळतात, पैसे आणि खेळणी देतात. हे सतत होऊ लागलं की अनाथालय हाच धंदा होतो. मग ते भरलेलं दिसावं म्हणून मुलं आणली जातात.

कंबोडियात पर्यटन वाढलं तशी अनाथालयंही वाढली. तिथल्या बहुतेक मुलांचे आई किंवा वडील हयात असल्याचं पाहणीत दिसलं. नेपाळमध्ये शिक्षणाचं आमिष दाखवून खेड्यातली मुलं काठमांडूच्या अनाथालयांत आणल्याची प्रकरणं उघड झाली. ऑस्ट्रेलियाने २०१८ मध्ये आधुनिक गुलामगिरीविरोधी कायदा केला, तेव्हा अनाथालयांसाठी होणारी मुलांची तस्करी त्यात गृहीत धरली. २०१९ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेनेही बालहक्कांच्या ठरावात अनाथालयांतल्या स्वयंसेवेच्या धोक्यांची दखल घेतली.

दुसरी गोष्ट नात्याची. स्वयंसेवक दोन आठवडे राहतो, मुलाला लळा लावतो, खेळणं देतो आणि जातो. पुढच्या महिन्यात नवा ताई-दादा येतो. आधीच माणसं गमावलेल्या मुलासाठी हे दरवेळी नव्याने सोडून जाणं असतं.

मग बाहेरच्यांनी काही करूच नये का?

करावं, पण तिथली गरज विचारून. वर्ध्याच्या शेजारच्या चंद्रपूर जिल्ह्यात याचं जुनं उदाहरण आहे. वरोऱ्याजवळ बाबा आमटे यांनी कुष्ठरुग्णांसाठी आनंदवन उभं केलं. १९५० च्या दशकात सर्व्हिस सिव्हिल इंटरनॅशनल या संस्थेचे वेगवेगळ्या देशांतले स्वयंसेवक तिथे आले. त्यांनी खाऊ वाटला नाही, बांधकामावर श्रमदान केलं. रुग्णांसोबत राहिले, तिथलंच जेवले. ते पाहून, आनंदवनची भाजी घ्यायला घाबरणाऱ्या आसपासच्या लोकांची भीतीही कमी झाली. पाहुणे गेल्यावरही हे मागे उरलं.

भेट द्यायचीच असेल तर

• संस्था नोंदणीकृत आहे का, ते आधी बघा. बाल न्याय कायद्याच्या कलम ४१ नुसार प्रत्येक बालगृहाची नोंदणी सक्तीची आहे. चौकशी जिल्हा महिला व बाल विकास कार्यालयात करता येते. कोणालाही थेट मुलांमध्ये जाऊ देणाऱ्या संस्थेपासून चार हात लांब राहा.

• काय हवंय ते अधीक्षकांना विचारा. मापाच्या चपला, स्वेटर, अंथरूण-पांघरूण, वह्या, मुलींसाठी सॅनिटरी पॅड या गोष्टी टेडी बेअरपेक्षा जास्त उपयोगी पडतात.

• वस्तू संस्थेकडे द्या आणि वाटप रोजच्या ताईंच्या हातून होऊ द्या. सगळ्यांना सारखं मिळेल याची खात्री करा. एकाला सायकल आणि बाकीच्यांना पेन, असं नको.

• परदेशातून पैसे पाठवायचे असतील तर संस्थेकडे परदेशी देणग्यांच्या कायद्याखाली, म्हणजे एफसीआरएखाली, नोंदणी किंवा पूर्वपरवानगी हवी.

• पोस्ट टाकायचीच असेल तर वस्तूंचा फोटो टाका. चेहरा, नाव, युनिफॉर्मवरचा बिल्ला, लोकेशन काहीच नको.

• रस्त्यावर एकटं, अडचणीतलं मूल दिसलं तर व्हिडिओ काढू नका, १०९८ या मोफत हेल्पलाइनवर फोन करा.

आणि आपल्या गावात असं कुटुंब असेल, जिथे पैशाअभावी मुलाला घराबाहेर ठेवायची वेळ आलीय, तर त्याच्या शाळेचा आणि घरातल्या धान्याचा खर्च उचलणं ही नाताळची उत्तम भेट आहे. तिची रील होणार नाही, पण मूल आईजवळ राहील.